फोर व्हील गाडी ओढून नेताना : गाडीमालक व क्रेनवाले यांच्यासाठी काही धडे

तळोजा म्हटले की बाहेरच्या माणसाला एमआयडीसी आठवते. व्यापाऱ्याला मात्र तळोज्याचा रस्ता आठवतो. भिवंडी, कल्याण व ठाण्याकडून निघालेला माल शिळफाट्याहून मुंब्रा-पनवेल रस्त्याला लागतो, तळोजा ओलांडतो आणि कळंबोलीला सायन-पनवेल महामार्गाला मिळतो. तेथून एक वाट पुण्याला व एक वाट कोकण-गोव्याला जाते. भिवंडीचे कापड घाटावर व कोकणात जाते ते याच वाटेने, म्हणून आम्हा कापडवाल्यांना या रस्त्याची व त्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांची चांगलीच ओळख असते.

जेथे गाड्या बंद पडतात तेथे गॅरेज उभे राहते आणि क्रेनही उभी राहते. तळोजा, कळंबोली, पनवेल, मुंब्रा या पट्ट्यात आपल्या समाजातील पुष्कळ तरुण या धंद्यात आहेत. मेहनतीचा व हलाल रोजीचा हा धंदा आहे. पण गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या आणि ओढण्याची पद्धत मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली. पुढची चाके उचलायची, गिअर न्यूट्रल करायचा आणि निघायचे, ही रीत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या मोटारीला चालते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला ती चालत नाही. बारीकशा बिघाडाने बंद पडलेली गाडी गॅरेजला पोहोचेपर्यंत तिचा गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो. मग मालक म्हणतो क्रेनवाल्याने केले, क्रेनवाला म्हणतो आधीच बिघडलेला होता. हा तंटा टाळण्यासाठी थोडी माहिती पुरेशी आहे. ती दोघांनाही असावी म्हणून हा लेख.

जीपशी जुने नाते

फोर व्हील गाडी आपल्याकडे नवी नाही. १९४५ साली महिंद्र बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची पोलाद व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले आणि पुढे विलीस जीपच्या जोडणीतून तिने नाव कमावले. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. २०१० साली थार आली, २०२० साली तिचा नवा अवतार आला आणि २०२३ साली जिम्नी आली. फॉर्च्युनर, गुरखा, व्ही-क्रॉस या गाड्याही रस्त्यावर दिसतात. पूर्वी फोर व्हील गाडी म्हणजे पोलीस, लष्कर, जंगल खाते किंवा खाणवाला. आता ती कंत्राटदाराकडे, डॉक्टरकडे व नोकरदाराकडेही आहे. सबब क्रेनवाल्याच्या हुकाला ती रोज लागणार.

ताकद चाकापर्यंत कशी जाते

नुकसान समजण्यासाठी आधी रचना समजली पाहिजे. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. साध्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून एक लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, मागच्या डिफरन्शियलला मिळतो आणि चाके फिरवतो. फोर व्हील गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून दोन शाफ्ट निघतात, एक मागच्या एक्सलकडे व एक पुढच्या एक्सलकडे.

आता उलट विचार करा. इंजिन बंद आहे आणि गाडी ओढली जात आहे. चाके जमिनीवर आहेत म्हणून ती फिरतात. चाके फिरली की डिफरन्शियल फिरते, शाफ्ट फिरतो आणि तो फेरा ट्रान्सफर केस व गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. चाकाचा घेर सव्वादोन मीटर व डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक धरले, तर १० किलोमीटरच्या अंतरात चाकाचे सुमारे ४,४०० व शाफ्टचे सुमारे १७,७०० फेरे होतात. तळोज्याहून पनवेलच्या गॅरेजपर्यंत गाडी ओढून नेली की एवढे फेरे गिअरबॉक्सच्या मागच्या भागाने खाल्ले.

फिरण्याने बिघडत नाही, तेलाशिवाय फिरण्याने बिघडते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. आतील क्लचच्या चकत्या व बेअरिंग कोरडे फिरतात, तापतात व जळतात. हाताने गिअर टाकायच्या गाडीत पंप नसतो, तेथे दाते तेलात बुडून तेल वर उडवतात. पण न्यूट्रलमध्ये इंजिनकडून फिरणारा खालचा शाफ्ट जवळजवळ थांबलेला असतो आणि बाहेर पडणारा शाफ्ट मात्र फिरत असतो. म्हणून कित्येक गिअरबॉक्समध्ये वरच्या भागाला तेल पुरेसे मिळत नाही. ‘न्यूट्रल केले म्हणजे झाले’ ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात, पण ओढण्याच्या दृष्टीने त्यांचे प्रकार वेगळे आहेत.

१) हवी तेव्हा फोर व्हील होणारी गाडी. जुनी जीप, जिप्सी, थार, जिम्नी यांत दुसरी छोटी दांडी असते. तिच्यावर २ एच, ४ एच, ४ एल अशा खुणा असतात व कित्येकांत मध्ये ‘एन’ असतो. काही गाड्यांत दांडीऐवजी डॅशबोर्डवर फिरवायचा खटका असतो. २ एच मध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते व पुढचा शाफ्ट सुटा असतो. म्हणजे २ एच मध्येही मागची चाके गिअरबॉक्सशी जोडलेलीच असतात, हे विसरू नये.

२) कायम चारही चाकांवर चालणारी गाडी. हिच्यात दोन्ही एक्सलच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल किंवा घट्ट द्रवाची जोडणी असते. एका बाजूची चाके उचलली व दुसऱ्या बाजूची फिरली की सगळा फरक या मधल्या भागावर येतो. वळणावर थोडा फरक सोसण्यासाठी बनवलेली ही वस्तू सतत पूर्ण वेगाने फिरत राहिली तर तापून खराब होते.

३) आपोआप फोर व्हील होणारी मोटार. जीप कंपास, एक्सयूव्ही ७००, ग्रँड विटारा यांच्या काही नमुन्यांत ही व्यवस्था आली. हिला छोटी दांडी नसते, त्यामुळे क्रेनवाल्याला ती साधी मोटार वाटते आणि येथेच घोटाळा होतो. मागच्या दारावर ‘फोर बाय फोर’, ‘एडब्ल्यूडी’ किंवा ‘ऑलग्रिप’ असे अक्षर आहे का ते पाहावे. अक्षर नसेल तर वाकून गाडीखाली पाहावे. पुढून मागे शाफ्टही जातो आहे व पुढच्या चाकांनाही एक्सल आहे, तर ती फोर व्हील समजावी.

४) विजेवर चालणारी गाडी. यात चाकाशी मोटार कायम जोडलेली असते व चाक फिरले की ती वीज तयार करू लागते. काही गाड्यांत पुढे व मागे दोन्हीकडे मोटारी आहेत. ही चाके जमिनीवर ठेवून ओढायचीच नाही.

कोणती पद्धत योग्य

सर्वांत उत्तम पद्धत एकच. गाडी सपाट पाठीच्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर, चढवून न्यावी. चारही चाके जमिनीवरून उचलली गेली की काहीच फिरत नाही आणि काहीच झिजत नाही. गाडीचा प्रकार कळत नसेल तर हीच पद्धत वापरावी.

फ्लॅटबेड मिळत नसेल तर दुसरी पद्धत अशी की, एका बाजूची चाके क्रेनने उचलावी व दुसऱ्या बाजूच्या चाकांखाली लहान चाकांची ट्रॉली लावावी. हेतू तोच, गाडीचे स्वतःचे एकही चाक फिरू नये.

तिसरी पद्धत फक्त पहिल्या प्रकारच्या गाडीसाठी. मागची बाजू उचलावी व पुढची चाके जमिनीवर ठेवावी. छोटी दांडी २ एच वर हवी. जुन्या जीपला व जिप्सीला पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायचे हब असत, ते असल्यास ‘फ्री’ वर करावे. मग पुढचे चाक एकटेच फिरते. सुकाणू सरळ ठेवून पट्ट्याने बांधावे, नुसत्या किल्लीच्या लॉकवर विसंबू नये. अंतर थोडे व वेग कमी असावा.

याच गाडीची पुढची बाजू उचलणे भागच पडले, तर मागचा प्रोपेलर शाफ्ट उतरवावा. चार बोल्टचे काम आहे, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. सोडण्यापूर्वी दोन्ही चकत्यांवर रंगाची किंवा छिन्नीची खूण करावी, म्हणजे परत त्याच जागी बसेल व गाडी थरथरणार नाही. ज्या गाडीत शाफ्टचे टोक थेट पेटीत शिरते तेथून तेल वाहते, ते तोंड बंद करावे. आणि शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये असली तरी उभी राहत नाही, म्हणून चाकांखाली आधी लाकडी ठोकळे लावावे.

छोट्या दांडीवर ‘एन’ असलेल्या काही गाड्यांना चारही चाकांवर ओढण्याची परवानगी कंपनीच देते. पण ती सर्वांना नाही. गाडीच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच, आणि तेथे दिलेल्या वेगाच्या व अंतराच्या मर्यादेतच हे करावे. पुस्तिका सहसा डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. ती उघडून पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. दांडी ४ एच किंवा ४ एल वर असताना एक बाजू उचलून गाडी ओढू नये. या स्थितीत दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. मागची चाके फिरली की हुकावर बांधलेली पुढची चाकेही फिरू पाहतात. मग पट्टा तुटतो किंवा ट्रान्सफर केस फुटते. दांडी अडकून बसली असेल तर फ्लॅटबेडशिवाय दुसरा मार्ग नाही.

चढवताना व बांधताना

फ्लॅटबेडवर चढवण्यासाठी गिअर न्यूट्रल करून विंचने पायी चालण्याच्या वेगाने ओढावे. एवढ्या थोड्या अंतराने नुकसान होत नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ मध्ये अडकली व बॅटरी संपलेली असेल, तर पुष्कळ गाड्यांत दांडीजवळ लॉक सोडण्याची छोटी खाच असते. चाके फिरतच नसतील तर ती फरफटू नयेत, त्यांच्याखाली सरकणाऱ्या पाट्या किंवा ट्रॉल्या लावाव्या.

हुक कोठे लावावा हे महत्त्वाचे. बंपर, सुकाणूचा दांडा, रेडिएटरची पट्टी, ब्रेकची नळी यांना हात लावू नये. चासीला कंपनीने दिलेला हुक वापरावा. नव्या मोटारींत हा हुक डिकीत सुटा ठेवलेला असतो व बंपरवरचे छोटे झाकण काढून तो पिळून बसवावा लागतो. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. तो पूर्ण आत जाईपर्यंत फिरवावा, अर्धवट बसवलेला हुक झटक्याने सुटतो.

वर चढल्यावर हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ‘पी’ मध्ये ठेवावी आणि छोटी दांडी ‘एन’ वर राहू देऊ नये. ती ‘एन’ वर राहिली तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो व ‘पी’ चा काही उपयोग होत नाही. मग चारही टायरांवरून रुंद पट्टे टाकून गाडी पाठीला घट्ट बांधावी. साखळीने चासी खाली खेचून बांधली तर खड्ड्यात स्प्रिंग दबतात, साखळी सैल पडते व गाडी उडते. टायर बांधले तर गाडी स्वतःच्या स्प्रिंगवर मोकळी हलते. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा एकदा आवळावे. उंटाला आधी बांधावे व मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती पट्ट्यालाही लागू आहे.

दोरीने ओढायची वेळ आली तर

आडरस्त्यावर कधी कधी दोरीशिवाय इलाज नसतो. १९८९ च्या रस्ता-नियमांनी यासाठी चौकट घालून दिली होती. दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सुकाणूवर परवाना असलेला माणूस असावा आणि मागे ‘ऑन टो’ असा फलक असावा. २०१७ साली या नियमांची जागा नव्या चालन विनियमांनी घेतली, तरी ही शिस्त आजही पाळण्याजोगी आहे.

मागच्या गाडीत बसणाऱ्याने जाणून असावे की, इंजिन बंद असताना ब्रेकला जोर मिळत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर तो दगडासारखा कडक होतो. पॉवर स्टीअरिंगही जड होते. किल्ली काढली तर सुकाणू अडकते, म्हणून किल्ली आतच व फिरवलेली हवी. ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. तुटलेला वायर रोप माणसाचा पाय तोडू शकतो. आणि ऑटोमॅटिक फोर व्हील गाडी असेल तर दोरीचा विचार फक्त ती धोक्याच्या जागेतून बाजूला घेण्यापुरता करावा, गॅरेजपर्यंत नव्हे.

पावसाळ्याबद्दल एक सूचना. २६ जुलै २००५ च्या पुराने मुंबई-ठाणे-रायगडकरांना शिकवले की पाण्यात बुडालेली गाडी ही वेगळीच गोष्ट आहे. इंजिनने पाणी घेतले असेल तर दोरीने ओढून, गिअरमध्ये टाकून ती चालू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील कनेक्टिंग रॉड वाकतो व इंजिन जाते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियलमध्येही पाणी शिरलेले असू शकते. पांढरट दुधाळ झालेले तेल ही त्याची खूण. अशी गाडी फ्लॅटबेडवरच न्यावी व तेल बदलल्याशिवाय चालवू नये.

नुकसानीची जबाबदारी कोणाची

हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही, मुआमल्याचा आहे. मजुरी घेऊन लोकांचे काम करणाऱ्याच्या हातून वस्तू बिघडली तर भरपाई कोणी द्यावी, याची चर्चा आपल्या फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी केली आहे. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात कपडा आपटताना फाडणारा धोबी व ज्याची ओझे बांधलेली दोरी तुटते असा जनावर भाड्याने देणारा यांची उदाहरणे आहेत. स्वतःच्या कामातून झालेल्या अशा नुकसानीचा भार तेथे त्या कारागिरावरच टाकलेला आहे. कोकणातील आपले बहुसंख्य लोक शाफई आहेत. त्या मजहबात कारागिराच्या हातातील वस्तू अमानत मानून, त्याची गफलत किंवा ज्यादती असेल तेव्हा भरपाई धरण्याकडे कल आहे. आपल्या मुआमल्याचा मसला आलिमांना विचारावा. पण धोब्याचा कपडा व उंटवाल्याची दोरी यांच्या जागी आज क्रेनवाल्याची गाडी आहे एवढे कोणालाही कळते. फोर व्हील आहे हे माहीत असून चाके जमिनीवर ठेवून ओढणे, याला गफलतच म्हणावे लागेल.

मालकाचीही जबाबदारी आहे. गाडी फोर व्हील आहे, ऑटोमॅटिक आहे, हे त्याने सांगितलेच नाही आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी ‘तशीच उचल’ असा आग्रह धरला, तर दोष एकट्या क्रेनवाल्याचा राहत नाही. विम्यावरही फार विसंबू नये. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड व झीज वगळलेली असते. फ्लॅटबेड व साधी क्रेन यांच्या भाड्यातला फरक हजारांत असतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खर्च लाखात जातो. हा हिशोब व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

फोनवर व जागेवर

मालकाने क्रेन बोलावताना फोनवरच पाच गोष्टी सांगाव्या : गाडीचे नाव व नमुना, फोर व्हील आहे की नाही, गिअर हाताचा की ऑटोमॅटिक, चाके फिरतात की अडकली आहेत, आणि गाडी रस्त्यावर आहे की चिखलात किंवा खड्ड्यात. फ्लॅटबेडच हवा हे तेव्हाच ठरवावे व भाडेही तेव्हाच ठरवावे.

क्रेनवाल्याने गाडीला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावे, छोटी दांडी कोठे आहे त्याचा फोटो काढावा, गाडीखाली तेल गळते आहे का ते मालकाला दाखवावे आणि एका चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्याव्या. देवघेव लिहून ठेवण्याचा हुकूम आपल्याला आहेच. चिठ्ठी लिहिली की संशयाला जागा राहत नाही.

आपल्या तरुणांना एक विनंती. या पट्ट्यात फोर व्हील गाड्या वाढतच जाणार आहेत. ट्रॉलीचा एक जोड, टायरचे आठ पट्टे, लाकडी ठोकळे आणि गाड्यांची माहिती असलेली एक वही एवढे भांडवल क्रेनवर ठेवले, तर तो क्रेनवाला इतरांहून वेगळा ठरतो. जो माणूस ‘ही गाडी अशी न्यायची नाही, फ्लॅटबेड बोलवा’ असे सांगून स्वतःचे भाडे सोडतो, त्याचा नंबर मालक आयुष्यभर जपून ठेवतो. बाजारात पत अशीच तयार होते, मग धंदा कापडाचा असो की क्रेनचा. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो व सर्वांना सलामतीने घरी पोहोचवो. आमीन.